छत्तीस सळया, तीन ढीग

आमच्या गच्चीवर छत्तीस सळया उभ्या आहेत. नऊ कॉलम, प्रत्येकी चार. अकरा वर्षांपूर्वी घर बांधताना 'वरची खोली पुढच्या वर्षी काढू' म्हणून त्या मोकळ्या सोडल्या. आता त्यांतल्या बारा सळयांवर गंज चढू नये म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्या आहेत, चारांना कपडे वाळवायची दोरी बांधली आहे आणि एकीला शेजाऱ्यांच्या टीव्हीची वायर गुंडाळली आहे. (मला न विचारता. तो राग वेगळा.) हे सगळे आकडे एवढ्यासाठी दिले की, मी हिशोबाचा माणूस आहे हे वाचणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावं. पुढचं वाचून तसं वाटणार नाही!

परभणीत एका जिनिंगवर मी सव्वीस वर्षं हिशोब पाहतो. कापूस येतो, त्याची प्रत ठरते, भाव लागतो, मी लिहितो. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय मी चप्पल घालत नाही. असा माणूस चिडका असतो असं म्हणतात. असतो. जुळत नसलेली बेरीज बघून जो हसतो, त्याच्या हातात पाच रुपयेसुद्धा देऊ नयेत.

वरची खोली माझ्या सासऱ्यांसाठी हवी होती. मामा चुडाव्याला एकटेच राहतात. रेल्वेत फाटकवाले होते; चौतीस वर्षं फाटक लावलं आणि चौतीस वर्षं उघडलं. सासूबाई गेल्यापासून दोन वेळची खिचडी स्वतः टाकतात. सुनंदा, म्हणजे माझी बायको, दर रविवारी सकाळच्या गाडीने डबा घेऊन बापाकडे जाते आणि संध्याकाळी डोळे लाल करून येते. मागच्या थंडीत मामा न्हाणीत घसरले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच ओल्यात पडून राहिले. तेव्हापासून मी स्वतः त्यांना चारदा म्हटलं, "मामा, चला घरी." चारही वेळा एकच उत्तर.

"पाव्हणं, जावयाच्या हॉलात पथारी टाकून न्हाई राहायचा मी. एक खोली द्या. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन येतो."

बांधकामाचा गुत्तेदार म्हणाला, तीन लाख. आमच्याकडे होते दोन लाख चाळीस हजार. साठ हजार कमी. हे साठ हजार म्हणजे आमच्या घराण्याचा शाप आहे. मी वर्षभर काटकसर करून वीस हजार वाढवले की सिमेंट, सळई आणि गुत्तेदार मिळून अंदाजपत्रक वीस हजारांनी वाढवतात. मी पुढे सरकतो, तेही पुढे सरकतात, मधे साठ हजार तसेच!

आणि अशा वेळी सोनपेठहून विलास आला.

विलास हा सुनंदाचा धाकटा भाऊ. सोनपेठला त्याचं खतं-बियाण्यांचं आणि पाइपांचं दुकान आहे; दुकानामागच्या एकाच खोलीत बिऱ्हाड, म्हणून मामांना तिकडेही जागा नाही. आषाढ होता, जिनिंग बंद होतं, आणि रिकाम्या हिशोबनीसाच्या घरी मेव्हण्याने येऊ नये असा कायदा दुर्दैवाने नाही. त्याने तीन दिवसांचा शेअर बाजाराचा क्लास केला होता. गळ्यात अजून क्लासचं ओळखपत्र होतं.

"दाजी," तो चहा बशीत ओतत म्हणाला, "साठ हजार म्हंजे काय लय न्हाई. दिवाळीपस्तोर काढू."

"कुठून?"

"मार्केटातून. निस्ता शेअर घ्यायचा न्हाई. सर म्हणले, माणूस बघून शेअर घ्यायचा. काही शेअर सकाळी घ्यायचे अन् दुपारी विकायचे, काही महिना-दीड महिना धरायचे, काही वर्षानुवर्षं हातच लावायचा न्हाई. ज्याचा जसा स्वभाव, तसा त्याचा शेअर!"

आता खरं सांगतो. त्याला मी हाकलून द्यायला पाहिजे होतं. पण त्याचं बोलणं मला पटलं. पटलं कारण त्यात वर्गवारी होती, आणि वर्गवारी दिसली की माझ्यातला हिशोबनीस शेपूट हलवत पुढे येतो. मी आठ दिवस वाचन केलं. मग नवीन वही आणली, दोनशे पानी, आणि तिच्यात तीन ढीग आखले. (आमच्या धंद्यात सगळं ढिगांतच असतं.) पहिला ढीग रोजचा: ज्याची खूप उलाढाल होते, जो दिवसात चांगला वर-खाली होतो आणि केव्हाही विकता येतो असा शेअर. दुसरा महिन्याचा: जो काही आठवडे एका दिशेने चाललाय असा. तिसरा वर्षांचा: कंपनीवर कर्ज कमी, धंदा समजणारा, नफा दर साली वाढता.

ढीग झाले. आता माणसं लावली. विलास उतावळा, त्याला लग्नात अक्षता पडायच्या आधी जेवायला बसलेलं मी पाहिलं आहे. त्याला रोजचा ढीग, चाळीस हजार. सुनंदा एका खासगी शाळेत तिसरीला शिकवते. घटक चाचणी ते घटक चाचणी असा तिचा काळ. तिला महिन्याचा ढीग, ऐंशी हजार. आणि चौतीस वर्षं येणाऱ्या गाडीची वाट पाहिलेले मामा! त्यांच्याइतका धीराचा माणूस परभणी जिल्ह्यात नाही. त्यांना वर्षांचा ढीग, एक लाख वीस हजार. तिघांची खाती विलासने ज्याच्या त्याच्या नावाने उघडून दिली. मी खातं उघडलं नाही. मी वही सांभाळणार होतो. पहिल्या पानावर लाल शाईने नियम लिहिला: 'ज्या ढिगाचा शेअर त्या ढिगाच्याच मुदतीत विकावा.' खाली सही केली.

(दिवाळीला लागणारा निम्मा पैसा मी वर्षांच्या ढिगात का टाकला, हा प्रश्न मला तेव्हा कुणीही विचारला नाही. विचारला असता तर मी चिडलो असतो.)

शेअर निवडायला तिघे आमच्या हॉलमध्ये बसले. विलासने पाइप तयार करणाऱ्या एका कंपनीचं नाव घेतलं.

"हे का?"

"दाजी, माझ्या दुकानात त्यांचा पाइप ठेवायला उसंत नाही इतका खप हाय. शेतकरी दुसरं नावच घेईना."

सुनंदाने वह्या बनवणाऱ्या कंपनीला पसंती दिली. "शाळा सुरू झाल्यात. वह्या खपणारच." (शाळा सुरू होऊन महिना झाला होता, आणि खपायच्या त्या वह्या खपून त्यांना कव्हरंही घालून झाली होती. हे मला आत्ता सुचतंय.)

मामांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "वाघिणी."

"काय?"

"मालगाडीच्या वाघिणी करणारी कंपनी हाय एक. चौतीस वर्षं त्यांच्या वाघिणी मोजल्यात. आधी एका गाडीला चाळीस यायच्या, मग अठ्ठावन्न यायला लागल्या. अजून वाढतेत."

मी कंपनीचा जमाखर्च तपासला. कर्ज नाही. नफा वाढता. मी खूश होऊन वहीत लिहिलं: 'वाघिणी, चारशे शेअर, भाव तीनशे.' त्या वहीतली ती शेवटची सरळ ओळ.

सोमवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडला. विलासने दोनशेच्या भावाने पाइपचे दोनशे शेअर घेतले. अकरा वाजता ते एकशे शहाण्णव झाले, एक वाजता एकशे त्र्याण्णव. तीन वाजता त्याचा फोन आला.

"दाजी, एकशे अठ्ठ्याऐंशी. चोवीसशेचा फटका. विकून टाकू का? सर म्हणले होते, रोजचा तो रोज विकायचा, फायदा असू की तोटा."

इथे आमच्या जिनिंगचा एक रिवाज सांगणं भाग आहे. शेतकरी कापूस घेऊन आला आणि तो पहिल्या प्रतीत बसला नाही, तर आम्ही गाडी परत पाठवत नाही. दुसऱ्या ढिगावर रिकामी करतो. तिथेही बसला नाही तर तिसऱ्या. गाडी परत गेली की माणूस तुटतो, आणि सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही गाडी परत गेलेली नाही.

"विकू नको," मी म्हणालो.

"पण आजच्या ढिगातला हाय नं तो?"

"मग ढीग बदलू. महिन्याच्या ढिगात घे."

"म्हंजे डिलिव्हरीत? घरी ठेवून घ्यायचा?"

"हो. आणि उगीच घाई करू नको! तुझा स्वभावच उतावळा!"

शेअर विलासच्याच खात्यात राहिले. बदललं फक्त माझ्या वहीतलं पान. रोजच्या ढिगातून पाइप वजा, महिन्याच्या ढिगात पाइप जमा, दोनशेच्या भावाने. शेरा: 'वर्ग केले. तोटा शून्य.' सही. मला त्या रात्री शांत झोप लागली.

मंगळवारी, बुधवारी मी मामांना सहज फोन केले. बुधवारी दुपारी साडेतीनला त्यांचाच फोन आला.

"पाव्हणं, उघडलं बरं का."

"काय उघडलं?"

"फाटक. तीनशे अठरानं सगळ्या वाघिणी सोडल्या. बहात्तरशे सुटले!"

मी खुर्चीतून उठलो. मामांवर आवाज चढवायची माझी ही पहिलीच वेळ. "मामा! तो वर्षांचा ढीग होता! वर्षांचा! तुम्ही तिसऱ्या दिवशी विकला?"

"गाडी आली, गेली. मग फाटक लावून ठेवू का?"

सुनंदाने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बापाला म्हणाली, "दादा, जेवलात का?" मला तिचाही राग आला. एक लाख वीस हजारांचा धीर तीन दिवसांत वितळला, आणि ही जेवणाचं विचारते!

पुढच्या तीन आठवड्यांत पाइप कंपनी अशी घसरली, जणू तिच्याच पाइपातून वाहून चालली होती. एकशे ऐंशी. एकशे बाहत्तर. इकडे सुनंदाच्या वह्या पाचशेला घेतल्या होत्या. माझा नियम साफ होता: सात टक्के पडल्या की विकायच्या. चारशे पासष्टला मी तिच्यासमोर वही धरली.

"सात टक्के झाले. विकून टाक."

"न्हाई विकणार."

"का?"

"आमच्याकडं नापास करत नसतेत. मागं पडलेल्याला जास्त वेळ द्यायचा असतो. एवढ्यात काढून टाकलं तर त्यानं जायचं कुठं?"

"तो शेअर आहे, सुनंदा! तिसरीतलं पोर नाही!"

"आवाज कमी करा. शेजारी ऐकायलेत."

शेजारी ऐकतच होते. वायर आमच्याच सळईला आहे!

मला आयुष्यात सगळ्यात जास्त संताप कशाचा येत असेल, तर 'येईल की वर' या तीन शब्दांचा. विलास रोज सकाळी फोनवर तेच म्हणायचा, सुनंदा संध्याकाळी भाकरी थापताना तेच म्हणायची. या तीन शब्दांना ना तारीख, ना आकडा, ना सही! दोघांना मी बजावून सांगितलं की माझ्या घरात हे वाक्य चालणार नाही. आणि मग दार लावून घेतलं, पाइपचा भाव पाहिला, एकशे एकोणसाठ, आणि विचार करायला बसलो.

विचार असा होता. वर्षांचा ढीग मामांमुळे रिकामा पडला होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. महिन्याच्या ढिगातले पाइप महिना झाला तरी उठत नव्हते. म्हणजे ते महिन्याचे नव्हतेच. ते मुळात वर्षांचे होते, आपल्याला उशिरा कळलं! पाइप काय आज उद्या बंद होणार आहेत? शेती आहे तोवर पाइप आहेत! मी महिन्याच्या ढिगातून पाइप वजा केले, वर्षांच्या ढिगात जमा केले. शेरा: 'वर्ग केले. तोटा शून्य.' सही.

आणि मामांच्या खात्यात एक लाख सत्तावीस हजार दोनशे नुसतेच पडून होते. एकशे एकोणसाठने भागून पाहिलं. बरोबर आठशे! पैसाही बाकी उरत नव्हता. सव्वीस वर्षांत इतका स्वच्छ भागाकार माझ्या वाट्याला आला नव्हता. मी मामांना फोन केला.

"मामा, आठशे पाइप घ्या."

"पाइप? ते तर विलासचे रोजचे हायेत नं?"

"होते. आता वर्षांचे झालेत."

मग मामा म्हणाले, "पॅसेंजरची मालगाडी केली म्हणा की." पण घेतले. जावयाचा शब्द.

नंतर जिनिंग सुरू झालं आणि मी कामात बुडालो. दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा गुत्तेदार हातात टेप घेऊन गच्चीवर चढला, सळया हलवून पाहिल्या, दोन बाटल्या काढून खिशात घातल्या आणि म्हणाला, "साहेब, दिवाळी झाली की सुरू करू. पैसे तयार हायेत नं?"

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना घरी बोलावलं. विलास सोनपेठहून एसटीने आला, मामा चुडाव्याहून रेल्वेने. मामांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. त्यांना वाटलं खोलीची जागा दाखवायला बोलावलंय. आल्याबरोबर जिना कधी पुरा करणार ते विचारू लागले. सुनंदाने मान फिरवली. मी वही उघडली, चष्मा पुसला, आणि उभं राहून बोललो. बसून माझा राग नीट निघत नाही.

"पाइप, एक हजार शेअर. आजचा भाव एकशे चार. किंमत एक लाख चार हजार. वह्या, एकशे साठ शेअर, आजचा भाव चारशे चाळीस, किंमत सत्तर हजार चारशे. एकूण एक लाख चौऱ्याहत्तर हजार चारशे! दोन लाख चाळीस हजारांतून पासष्ट हजार सहाशे गेले!" (दलाली आणि कर वेगळे. ते धरले असते तर मी उभा राहू शकलो नसतो.) "आता ऐका. मामा, तुमच्या वाघिणी आज चारशे पासष्टला आहेत. चारशे वाघिणींवर सहासष्ट हजार सुटले असते. सहासष्ट! आपल्याला साठच हवे होते! एकट्या वाघिणींनी स्लॅब पडला असता! पण एकाला दम नाही, दुसरी नापास करत नाही, आणि या तिसऱ्याने पहिल्याच दिवशी बुडणारा शेअर गळ्यात मारला. या घरात शिस्त पाळली फक्त मी!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, पटलं सगळ्यांना.

मग मामा सावकाश म्हणाले, "पाव्हणं, रागं भरू नका. एक सांगू का? फाटक लावलं की लोकं थांबतेत. पण एखादा गाडीवाला सारखा हॉर्न वाजवायला लागला, की समजायचं त्याला लय घाई हाय. वाघिणी घेतल्यावर तीन दिवसांत तुमचे अकरा फोन आले. 'मामा, भाव किती झाला?' अकरा वेळा. मला वाटलं, ह्यांना घाई हाय. गाडी जाताच उघडून टाकलं."

"अकरा?" मी म्हणालो. "पाच-सहा असतील."

मामांनी खिशातून डायरी काढली. चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा टिपलेला माणूस. मंगळवार, सहा. बुधवार, पाच. वेळेसकट!

"दाजी," आता विलासला कंठ फुटला, "मी तर पहिल्याच दिवशी तीन वाजता विकायलो होतो. चोवीसशेत सुटलो असतो. तुमीच म्हणलात, घाई करू नको, ढीग बदल."

"ते... ते वहीत तसं नाही," मी म्हणालो.

"द्या बरं इकडं वही," सुनंदा म्हणाली.

तिने पर्समधून लाल पेन काढला. घटक चाचणीचे पेपर तपासायचा. मी पुढे काय होणार ते ओळखून वही धरून ठेवली, पण तिसरीच्या वर्गाकडून वह्या काढून घ्यायची तिला बारा वर्षांची सवय आहे. ती एकेक पान उलटत गेली आणि मोठ्याने वाचत गेली.

"पान तीन. 'वर्ग केले. तोटा शून्य.' सही तुमची. पान नऊ. 'वर्ग केले. तोटा शून्य.' सही तुमचीच. अन् हे काय? पाइपचा भाव तिन्ही ढिगांत दोनशेच?"

"खरेदीचा भाव तोच राहतो," मी म्हणालो.

"जिनिंगवर कापूस दुसऱ्या ढिगात गेला की भाव उतरवता ना?"

"उतरवतोच. प्रत उतरली की भाव उतरतोच!"

"मग इथं का नाही उतरवला?"

सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायचं काम माझं असतं. मी वहीकडे पाहिलं. अक्षर माझं, शाई माझी, सही माझी. विलासचा एकही शेरा त्यात नव्हता, मामांचा नव्हता, सुनंदाचा नव्हता. ज्यांच्यावर मी अर्धा तास ओरडलो त्यांनी मिळून जेवढं घालवलं, त्याच्या कितीतरी पट मी एकट्याने, दार लावून, शांतपणे, भागाकार स्वच्छ येतो म्हणून घालवलं होतं. सुनंदाने पहिल्या पानावर माझ्या लाल नियमाखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'सूचना वाचल्या नाहीत.'

विलासला हसू आवरलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला. पण तो कुठल्या ढिगात टाकावा ते कळेना.

मामा उठले. भिंतीपाशी गेले, गच्चीकडे जाणाऱ्या अर्ध्या जिन्याकडे थोडा वेळ बघत राहिले. आमचा जिना सहा पायऱ्यांवर थांबलेला आहे. पुढे लाकडी शिडी. मला वाटलं, आता ते टोपी घालतील आणि स्टेशनचा रस्ता धरतील. आकडे एकीकडे, पण माणसाला खोली कबूल केली होती.

"विलास, ते सगळं सकाळी विकून टाक," मामा म्हणाले. "राहिलेत ते बँकेत ठेवा. अन् पाव्हणं, खोली झाली म्हंजे येईन म्हणलो होतो, ते माझं चुकलं. तुमचे अकरा फोन आले ना, भाव विचारायला का होईना, तीन दिवस घर भरल्यासारखं वाटलं बगा. मी हॉलात राहतो."

सुनंदा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. आकडा नसलेल्या वाक्याला मी कधीच पटकन उत्तर देऊ शकत नाही.

"हॉलात नाही, मामा," शेवटी मी म्हणालो. "तुम्ही आमच्या खोलीत झोपायचं. सुनंदा खाली गादी टाकेल तुमच्या सोबतीला, न्हाणीही लागून आहे. मी दिवाणावर पडेन. आजची रात्र असं करू, उद्याचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मामांची ट्रंक आली. दिवाळी झाली. सुनंदाचे रविवार घरी जाऊ लागले आणि तिचे डोळे लाल होईनासे झाले. मामांनी माझ्या खोलीतल्या माझ्या कपाटाचा माझा खण घेतला आणि त्यात डायऱ्या लावल्या. गुत्तेदार पुन्हा येऊन गेला. अंदाजपत्रक आता तीन लाख वीस हजार आहे. छत्तीस सळया जागच्या जागी आहेत. बाटल्या दहा उरल्या आहेत.

दिवाणाची लांबी साडेपाच फूट. माझी पावणेसहा. रोज रात्री तीन इंच पाय बाहेर राहतात आणि शेजाऱ्यांची मांजर येऊन त्यांवर बसते. दिवाणावर झोपणं रोजच्या ढिगातलं होतं. संक्रांतीला मी ते महिन्याच्या ढिगात घेतलं. काल विलासचा फोन आला. "दाजी, अजून दिवाणावरच का? किती दिवस काढणार असे?"

"उगीच घाई करू नको!" असं ओरडून मी फोन ठेवला, कपाटावरची दोनशे पानी वही काढली, आणि पान बारावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'हिशोबनीस, नग एक. महिन्याच्या ढिगातून वजा, वर्षांच्या ढिगात जमा. वर्ग केले. तोटा शून्य.'

खाली सही केली.